शब्दचर्चा : ‘जबाबदारीने वापर’, तपासणे आणि पडताळणे

वेर्ण्याहून :

मी गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत कामगारांच्या सुरक्षा-प्रशिक्षणाचे साहित्य तयार करते. भिंतीवरचे तक्ते, कामाच्या पद्धतीची पाने, चाचणीचे प्रश्न. वर्षभर झाले, पहिला मजकूर एआयकडून काढून घेते. आमच्याकडच्या परिपत्रकात एक वाक्य आहे : ‘प्रशिक्षण साहित्यासाठी एआयचा जबाबदारीने वापर करावा.’ या वाक्याने मला महिनाभर अस्वस्थ केले आहे.

यंत्र दुरुस्तीला घेण्याआधी वीज तोडायची, स्विचला आपले स्वतःचे कुलूप घालायचे, किल्ली खिशात ठेवायची आणि कुलपाला आपल्या नावाचा टॅग अडकवायचा, ही ‘लॉकआउट-टॅगआउट’ची पद्धत. मराठी पान मागितले तेव्हा एआयने लिहिले : ‘दुरुस्तीपूर्वी टाळेबंदी करावी.’ व्याकरणात खोट नाही, शुद्धलेखनात नाही. पण टाळेबंदी म्हणजे मालकाने कारखान्याला टाळे ठोकणे, नाहीतर २०२० सालचे ते घरात कोंडून बसणे. हे वाचून फिटरला स्विच आठवणारच नाही. त्याचा हात पट्ट्यापाशी असताना दुसऱ्या कोणी बटण दाबले तर काय होईल, हे मनात आले आणि मला रात्री झोप लागली नाही. ते पान दोघांनी ‘तपासून’ पुढे पाठवले होते. त्यांतली एक मी.

‘जबाबदारीने’ म्हटल्यावर कोणी काय करायचे हे कळते का? आणि ‘तपासणे’ हा शब्द इथे पुरतो का?

फोंड्याहून :

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. तपासणे आणि पडताळणे हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, पण त्यांत फरक आहे. वही तपासतात, नाडी तपासतात. म्हणजे समोरची वस्तू नीट पाहतात. पडताळ्याला मात्र दुसरी वस्तू लागते. शाळेत गुणाकाराचा ताळा घ्यायचो तो आठवा. तोच गुणाकार पुन्हा वाचून ताळा होत नाही, दुसऱ्या वाटेने यावे लागते. तुमचे पान दोघांनी तपासले, पडताळले कोणीच नाही. ते यंत्रासमोर नेऊन, फिटरला वाचायला देऊन, ‘आता काय करशील ते करून दाखव’ म्हटले असते तर टाळेबंदी तिथेच सापडली असती.

एआयच्या मजकुरात हे जास्त जपायला हवे. माणसाच्या कच्च्या लिखाणात जिथे लेखकाला विषय कळलेला नसतो तिथे वाक्यही बहुधा अडखळते, आणि आपण थांबतो. एआयचे चुकलेले वाक्य बरोबर वाक्याइतकेच गुळगुळीत असते. नुसत्या वाचनाने ते हाती लागत नाही.

कळंगुटहून :

फोंड्याच्या दादांशी पूर्ण सहमत. मी हॉटेलात मनुष्यबळ विभागात आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा नव्या कर्मचाऱ्यांना समजावून देणारी चार पाने एआयकडून करून घेतली. त्यात तक्रारीची मुदत सरळ ‘सहा महिने’ लिहून आली. कायद्यात मुदत आहे घटनेपासून तीन महिने. तेवढ्या वेळात तक्रार करता न येण्याजोगी परिस्थिती होती असे तक्रार ऐकणाऱ्या समितीला पटले, तर ती कारणे नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवून देते. दोन्ही मिळून सहा होतात खरे, पण आमच्या पानावर विसंबून एखादी मुलगी पाचव्या महिन्यात आली असती तर? कायद्याची प्रत शेजारी ठेवून ओळीला ओळ लावली तेव्हा हे सापडले. हाच पडताळा.

आणखी एक. खऱ्या तक्रारीतले किंवा अपघाताच्या अहवालातले नावगाव एआयमध्ये टाकून ‘याचे उदाहरण बनव’ असे कोणी सांगू नये. नाव काढले तरी कामाची पाळी, खाते आणि तारीख यांवरून माणूस ओळखू येतो.

डिचोलीहून :

‘जबाबदार’कडे येतो. मूळ अरबी ‘जवाब’, त्याला फारसी ‘दार’. जबाब देणारा तो जबाबदार. संस्कृत वळणाचा ‘उत्तरदायी’ही तसाच, आणि आपल्या कोंकणीत ‘जापसालदार’, त्यातही ‘जाप’ म्हणजे उत्तरच. तिन्ही शब्दांत बोलणारा माणूस गृहीत आहे. म्हणून ‘जबाबदार एआय’ हा वर्तमानपत्री प्रयोग मला खटकतो. पोलीस जबाब नोंदवायला आले तर एआय उभा राहणार नाही.

मराठीत या शब्दाला दोन अंगे आहेत. ‘मुलगी जबाबदार आहे’ म्हणजे भरवशाची. ‘अपघाताला जबाबदार कोण?’ म्हणजे दोष कोणाचा. परिपत्रकातल्या ‘जबाबदारीने’मध्ये पहिले अंग तेवढे उरते, दुसरे गळते. वर ‘वापर करावा’ यात कर्ताच नाही! ताई, तुम्हाला अस्वस्थ करते ती हीच रिकामी जागा असावी. तिथे माणूस बसवा : ‘पानावर ज्याची सही, त्याने ते यंत्रापाशी पडताळलेले असावे.’

वेर्ण्याहून :

सर, अगदी तीच जागा. तुमचे वाक्य परिपत्रकासाठी सुचवले आहे. एआयकडून येते त्याला यापुढे मी ‘मसुदा’ म्हणणार नाही, ‘खर्डा’ म्हणेन. मसुद्यामागे कोणीतरी विचार केलेला असतो असे मला वाटते.

टाळेबंदीच्या जागी आता ‘स्विचला आपले कुलूप, किल्ली आपल्या खिशात’ असे लिहिले आहे. शॉपफ्लोअरवर लॉकआउट-टॅगआउटला सगळे थोडक्यात ‘लोटो’ म्हणतात, म्हणून शीर्षकात लोटोच. ओडिशा-बिहारकडच्या कामगारांनाही तोच शब्द ओळखीचा. टॅगला ‘पाटी’ लिहू का?

डिचोलीहून :

पाटी नको. आमच्या खाणपट्ट्यात पाटी म्हटले की आधी माती भरायची टोपली डोळ्यांसमोर येते. ‘नावाचा लाल टॅग’ लिहा, आणि शेजारी कुलपाचे चित्र काढा.