बार्शीच्या सासूबाई आणि मार्केट हार्बरोचा मंगळवार

प्रेषक: मिल्टन कीन्सहून एक सभासद
विषय: खरा बाजार भरणारं छोटं गाव सुचवाल का?

नमस्कार मंडळी,

माझ्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या आहेत. वय ७४, मूळच्या बार्शीच्या. लंडन झालं, विंडसर झालं. गेल्या आठवड्यात एका बसच्या सहलीत एका दिवसात पाच ठिकाणं केली. प्रत्येक ठिकाणी पाऊण तास, त्यातला निम्मा स्वच्छतागृहाच्या रांगेत. परत येताना त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, इथली माणसं भाजी कुठं घेतात ते काही दिसलं नाही."

आम्ही राहतो त्या नव्या वसाहतीत सुपरमार्केट सोडलं तर काही नाही. त्यांना बाजार बघायचाय, आणि तोही गावातला. गुडघे दुखतात, त्यामुळे चढण नको. कोणाला असं गाव माहीत आहे का?

---

प्रेषक: लेस्टरचे काका
विषय: उत्तर – मार्केट हार्बरो

नमस्कार ताई,

सासूबाईंनी अगदी मुद्द्याचं विचारलं. मार्केट हार्बरोला जा, आणि मंगळवारीच जा. शनिवार-रविवारी सुट्टी असते म्हणून आपण सगळे तेव्हाच बाहेर पडतो, पण या गावाचा जुना बाजारवार मंगळवार आहे. १२२१ पासून तो मंगळवारीच भरत आला आहे. बाजाराची नोंद त्याच्याही आधीची, १२०४ ची.

लेस्टरशायरच्या अगदी दक्षिण टोकाला, वेलंड नदीकाठी हे गाव आहे. पलीकडे थोड्याच अंतरावर नॉर्थॅम्प्टनशायर सुरू होतं. बाराव्या शतकात हे गाव मुद्दाम वसवलं, ते बाजारासाठीच. हाय स्ट्रीटवर उभ्या राहिलात की ते लगेच ध्यानात येतं. गावाच्या मानाने रस्ता फार रुंद आहे. गाड्या, जनावरं, पाट्या मांडून बसलेले लोक, सगळ्यांना जागा पुरावी म्हणून तो तसा ठेवलेला. सपाट आहे, गुडघ्यांना त्रास होणार नाही.

चर्च सेंट डायोनिशियसचं. त्याचा सुळका १६१ फूट उंच, दुरूनच दिसतो. पण जवळ गेल्यावर एक गोष्ट बघा: भोवती दफनभूमी नाही. इंग्लंडमधल्या जुन्या चर्चला ती बहुतेक असतेच. इथे चर्चची भिंत थेट बाजाराच्या फरसबंदीवर उतरते. गाव नव्याने वसवलेलं, त्यामुळे माणसं पुरायचा हक्क गावाबाहेरच्या सेंट मेरी इन आर्डेनकडे राहिला. जून १६४५ मध्ये राजा विरुद्ध पार्लमेंट अशा यादवी युद्धात, नेझबीच्या लढाईत राजा चार्ल्स हरला, तेव्हा पकडलेले सैनिक याच चर्चमध्ये कोंडले होते, आणि पार्लमेंटच्या बाजूचा सेनापती क्रॉमवेल याने विजयाचं पत्र पार्लमेंटला याच गावातून लिहिलं.

पण मी तुम्हाला तिथे धाडतोय ते चर्चला लागून असलेल्या छोट्या इमारतीसाठी. ओल्ड ग्रामर स्कूल, १६१४ ची. रॉबर्ट स्मिथ नावाचा इथलाच माणूस लंडनला जाऊन मोठा झाला आणि त्याने गावाला शाळा बांधून दिली. शाळेची एकच खोली, आणि तीही जमिनीवर नाही. जाड लाकडी खांबांवर उचलून धरलेली. खालची जागा मोकळी. कशासाठी? लोणी विकायला बसणाऱ्या बाजारकरूंना पावसात भिजायला लागू नये म्हणून. हा हेतू त्या काळच्या कागदात सरळ शब्दांत लिहिलेला आहे. वर पोरं लॅटिन घोकतायत आणि खाली बायका लोणी तोलतायत! मी या देशात तीस वर्षं काढली, पुष्कळ किल्ले नि राजवाडे बघितले. पण बाजारात बसणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर असावं म्हणून अख्खी शाळा खांबांवर चढवली, ही गोष्ट मला त्या सगळ्यांहून मोठी वाटते. शाळा बांधताना भाजीवालीची आठवण ठेवणारी माणसं कुठल्याही देशात थोडीच.

याच खोलीत विल्यम हेन्री ब्रॅग शिकले. सात वर्षांचे असताना आई गेली, म्हणून १८६९ मध्ये काकांकडे या गावात आले. १९१५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि त्यांच्या मुलाला मिळून मिळालं. क्ष-किरणांनी स्फटिकाच्या आतली रचना कशी ओळखायची, ते या बापलेकांनी शोधलं. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे खांबांखाली उभं करून सांगा.

आणखी एक, आपल्या मंडळासाठी खास. सहली काढणाऱ्या कंपनीचे संस्थापक थॉमस कुक याच गावात राहायचे, सुतारकाम करायचे. जून १८४१ मध्ये दारूबंदीच्या सभेसाठी ते इथून पायी लेस्टरला निघाले. अंतर पंधरा मैल. चालता चालता वाटेत सुचलं, की सगळ्यांनी मिळून रेल्वेनं का जाऊ नये? पुढच्याच महिन्यात, ५ जुलैला, साधारण पाचशे माणसं लेस्टरहून लफबरोला जाऊन आली, माणशी एक शिलिंग. मुंबईत फोर्टमधली थॉमस कुकची इमारत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिचं मूळ या पायवाटेत आहे.

बाजार आता नॉर्थॅम्प्टन रोडवरच्या बंदिस्त मंडईत भरतो. तिथे निवांत वेळ काढा. दुसरं गाव त्याच दिवशी जोडू नका, एवढी विनंती.

– लेस्टरचे काका

---

प्रेषक: रग्बीहून एक सभासद
विषय: उत्तर – मार्केट हार्बरो

काका, दुसरं गाव नको हे पटलं, पण फॉक्सटनचं काय? चार-पाच मैलांवर तर आहे! कालव्याच्या बोटी डोंगर चढतात तशा चढताना तिथे दिसतात. पाच-पाचच्या दोन जिन्यांत दहा लॉक (पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारे, दारं असलेले हौद), मिळून ७५ फूट चढ, १८१४ पासून चालू. एका लॉकचं दार उघडलं की बोट थेट पुढच्या लॉकमध्ये. पाणी सोडायच्या झडपांना लाल आणि पांढरा रंग दिलाय: आधी लाल, मग पांढरा. क्रम चुकला की पाण्याचा घोळ होतो, म्हणून बोटवाल्यांनी त्यावर यमक जुळवून ठेवलंय. एक बोट वर यायला पाऊण ते एक तास लागतो. १९०० मध्ये शेजारीच वाफेवर चालणारा उतार बांधला होता. बोटी पाण्याच्या टाकीसकट बारा मिनिटांत वर. पण तेवढी वाहतूकच उरली नव्हती, १९११ मध्ये बंद पडला.

ताई, आजींना मात्र वरच्याच बाजूला बसवा. उताराच्या वाटेवर गुडघ्यांचे हाल होतील.

---

प्रेषक: मिल्टन कीन्सहून एक सभासद
विषय: जाऊन आलो!

काका आणि रग्बीच्या ताई,

मंगळवारी जाऊन आलो. रजा टाकली. तासाभरात पोहोचलो.

ग्रामर स्कूलच्या खांबांखाली सासूबाई कितीतरी वेळ उभ्या होत्या. तुम्ही लिहिलेलं सगळं मी वाचून दाखवलं. त्यांनी एका खांबाला हात लावला, वर तुळयांकडे बघितलं, पदराखालून पिशवी पुढे घेतली आणि म्हणाल्या, "हितं बसायला मिळालं असतं तर माझ्या आईचे पावसाळे सुखात गेले असते." त्यांच्या आई बार्शीच्या बाजारात कोथिंबीर-मेथी विकायच्या. लग्नाला सोळा वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं. पावसात गोणपाट डोक्यावर घेऊन बसायच्या, जुड्या कुजू नयेत म्हणून आधी गोणपाट भाजीवर टाकायच्या. मी काही बोलूच शकले नाही.

मंडईत मग त्या सुटल्याच. भाजीवाल्याकडे रूबार्बच्या लालचुटूक दांड्या होत्या. त्यांनी नखानं जरा सोलून वास घेतला. "आंबट असणार, अंबाडीसारखं. पण पानं का कापलीत?" मी भाजीवाल्याला विचारलं. त्यानं सांगितलं की पानं विषारी असतात, फक्त देठ खायचे. त्यावर त्यांनी एक दांडी उलटीपालटी करून पानाचा तुकडा कुठे राहिलाय का ते तपासलं, आणि मगच जुडी घेतली. त्यालाही गंमत वाटली, दोन दांड्या वर घातल्या. भाषा येत नसताना दोघांचं छान जमलं.

चीजच्या दुकानात रेड लेस्टर घेतलं. त्याचा तो केशरी रंग शेंद्रीच्या बियांचा, हे दुकानदाराकडून कळलं. शेंद्री म्हटल्यावर सासूबाईंना लगेच ओळख पटली.

दुपारी सिमिंग्टनच्या जुन्या कारखान्यातलं म्युझियम पाहिलं. १८८९ ची इमारत, इथे बायकांची कंबर आवळणारे कॉर्सेट शिवायचे. तो घट्ट आवळायचा प्रकार बघून त्या हळहळल्या, "श्वास कसा घेत असतील बिचाऱ्या." जवळच्या हॅलटन गावाला सापडलेली लोहयुगातली नाणी आणि रोमन शिरस्त्राणही तिथेच आहे, पण तोवर गुडघे बोलायला लागले होते. फॉक्सटन पुढच्या खेपेला.

रात्री रूबार्बचे बारीक तुकडे तुरीच्या वरणात घातले, वर लसणाची फोडणी, मूठभर दाण्याचं कूट आणि गुळाचा खडा. अंबाडीच्या वरणाच्या इतकं जवळ गेलं की सासऱ्यांनी फोनवर कृती लिहून घेतली. एक दांडी तीन वाट्या डाळीला पुरते, जास्त घातलीत तर फार आंबट होतं.

येत्या मंगळवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत, सकाळी नऊला निघू. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. कोणाकडे आई-बाबा आले असतील तर कळवा, वाटेत घेऊ.