शब्दचर्चा : बाप्तिस्मा

विचारणा
पहिल्या तीन-चार शतकांतल्या ख्रिस्ती शिकवणीवरचा एक अनुवाद तपासते आहे. त्यात 'बाप्तिस्मा'ला, म्हणजे ख्रिस्ती होताना पाण्याने करायच्या विधीला, कुठे 'नामकरण' म्हटलंय, कुठे 'शुद्धिस्नान'. दोन्ही खटकतंय. मूळ शब्दच ठेवावा का?

प्रतिसाद
'नामकरण' आधी काढा. बाळाचं नाव ठेवणं बाप्तिस्म्याला जोडलं गेलं ते तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा रूढ झाल्यावर. नव्या करारात पाण्यात उतरलेल्या कुणाला नवं नाव मिळाल्याचं दिसत नाही. नव्या करारातलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक काढून बघा. शौलाचा (म्हणजे पुढच्या प्रेषित पौलाचा) बाप्तिस्मा नवव्या अध्यायात होतो, तरी तेराव्या अध्यायात कुप्र बेटावर पोचेपर्यंत तो शौलच आहे. तिथे 'पौल' हे नाव येतं, तेव्हा बाप्तिस्म्याचा विषयही नसतो.

'शुद्धिस्नान' निम्मं बरोबर. यहुद्यांमध्ये शुद्धीसाठी बुडी घ्यायची रीत होतीच, पण ती पुन्हा पुन्हा घ्यायची. बाप्तिस्मा एकदाच. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल त्याला थेट ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं म्हणतो, नव्या जीवनात चालता यावं म्हणून. पेत्राचं पहिलं पत्र (3:21) तर बजावतंच की हे देहाचा मळ काढणं नव्हे. एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना 'शुद्धिस्नान' वापरलं, तर पौलाचा सगळा मुद्दाच गळून जातो.

प्रतिसाद
ग्रीक क्रियापद 'बाप्तिझो', म्हणजे बुडवणे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात नामान हा अरामी सेनापती यार्देन नदीत सात वेळा बुडी घेतो, तिथे हेच क्रियापद आहे. मग डोक्यावर पाणी ओतून केलेला बाप्तिस्मा आरंभीच्या मंडळीला चालत होता का?

प्रतिसाद
चालत होता, आणि त्याचा फार जुना पुरावा आहे. 'डिडाखे' नावाची छोटी पुस्तिका साधारण पहिल्या शतकाच्या अखेरची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची मानतात. तिची हस्तलिखित प्रत 1873मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडली. सातव्या अध्यायात सांगितलंय : वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्या, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, थंड जमत नसेल तर कोमट, आणि दोन्ही नसेल तर पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने डोक्यावर तीनदा पाणी ओता. म्हणजे बुडवणं पहिलं, पण पाण्यावाचून कुणाचं अडू नये ही काळजीही तितकीच.

मला त्या अध्यायाची सुरुवात त्याहून मोलाची वाटते. 'हे सगळं आधी सांगून झाल्यावर' बाप्तिस्मा द्या, असं तिथे आहे. 'हे सगळं' म्हणजे आधीच्या सहा अध्यायांतली शिकवण : जीवनाचा मार्ग कोणता, मरणाचा कोणता. बाप्तिस्मा घेणाऱ्याने एक-दोन दिवस उपास करायचा, देणाऱ्यानेही करायचा. आणि नवव्या अध्यायाप्रमाणे बाप्तिस्मा न झालेल्याने प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या पवित्र पंगतीला, बसायचं नाही. शिकवण, उपास, पाणी, मग पंगत. तुमच्या अनुवादात हा क्रम शाबूत राहायला हवा.

साधारण 200च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन लहान मुलांचा बाप्तिस्मा लांबवा असं सुचवतो, त्यामागेही हीच जाण आहे : आधी कळू दे, मग घेऊ दे. लांबवण्याचं टोक म्हणजे रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन. त्याने तो 337मध्ये मरणाच्या उंबरठ्यावर घेतला.

विचारणा (पुढे)
पटलं, 'बाप्तिस्मा'च ठेवते. पण इब्री लोकांस पत्रात (6:2) प्राथमिक शिकवणीच्या यादीत तो अनेकवचनी आहे. तिथे काय करू?

प्रतिसाद
तिथे मूळ शब्दच वेगळा आहे, 'बाप्तिस्मोस'. हाच शब्द त्याच पत्रात 9:10ला धार्मिक धुण्यांसाठी येतो, आणि मार्क 7:4मध्ये पेले व तांब्याची भांडी धुण्यासाठी. तिथे 'शुद्धिस्नानांविषयीची शिकवण' लिहिलंत तरी चालेल. नवशिक्यांना यहुदी स्नानं आणि ख्रिस्ती बाप्तिस्मा यांतला फरक समजावत असावेत, असं मला वाटतं.

क्रियापदाकडेही बघा. यहुदी रीतीत माणूस स्वतःच बुडी घ्यायचा. इथे दुसरा कुणी ती देतो, म्हणून तर योहानाला 'बाप्तिस्मा करणारा' हे बिरुद चिकटलं. त्यामुळे 'त्याने बाप्तिस्मा केला' हे वाक्य बाप्तिस्मा घेणाऱ्याबद्दल असेल तर बदला. 'त्याचा बाप्तिस्मा झाला' किंवा 'त्याने बाप्तिस्मा घेतला' करा. सामान्यरूप 'बाप्तिस्म्या-' : बाप्तिस्म्याचा, बाप्तिस्म्याने.