स्कॉटी बोमन यांना संघ आयते मिळाले?

गोलपोस्ट: आइस हॉकीचे कोच बोमन यांच्या 9 स्टॅनली कपांचं (एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगच्या विजेतेपदांचं) कौतुक पुरे झालं. मॉन्ट्रियलला ड्रायडन, लाफ्लर, रॉबिन्सन असे खेळाडू. पिट्सबर्गला लेम्यू, यागर. असे संघ हाताशी असले की कुणीही जिंकेल.

ब्लूलाइन: कुणीही? राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय. मॉन्ट्रियलचा 1976-77 चा मोसम बघा: 80 सामने, हार फक्त 8. संघ तगडा होताच. पण तगडे संघ मध्येच ढिले पडतात, हा पडला नाही. कारण बोमन कुणालाच आपली जागा पक्की वाटू द्यायचे नाहीत. डेट्रॉइटच्या आयझरमनने 1988-89 मध्ये 155 गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) काढले, तरी कप नाही. पुढे तिथे कोच झालेल्या बोमननी त्याला मागे येऊन बचाव करायला लावलं. त्याचे गुण घटले, पण 1997 मध्ये कप आला, 42 वर्षांनी. हे आयतं?

गोलपोस्ट: बफेलो बरं विसरलात! तिथे संघही तेच बांधत होते. 1979 ते 86, अंतिम फेरीसुद्धा नाही. त्याआधीच्या, सेंट लुईसबरोबरच्या त्यांच्या तीन अंतिम फेऱ्या तर सांगूच नका. लीगमध्ये नव्याने आलेले सगळे संघ एकाच गटात, त्यातला एक पुढे जाणारच. तिन्ही वेळा 4-0 ने हरले.

रिंकवाली_आई: 'जागा पक्की वाटू द्यायची नाही' वाचून डोकं फिरलं. आम्ही कॅनडात, ब्रॅम्प्टनला. मुलगा अकरा वर्षांचा, हॉकी खेळतो. पहाटे अंधारात रिंक (बर्फाचं मैदान) गाठायची, ओले ग्लोव्हज गाडीच्या हीटरसमोर धरून वाळवायचे, फी पूर्ण भरायची. आणि कोच त्याला सामन्याचा अख्खा तिसरा, शेवटचा पिरियड बाकावर बसवतो. विचारलं तर बोमनचं नाव पुढे करतो.

जुना_डिफेन्समन: ताई, बाकावर बसून कुणी मरत नाही. मीही बसलोय. माझे वडील कधी कोचला जाब विचारायला गेले नाहीत. हल्ली आईबापच पोरांना नाजूक करून ठेवतात.

रिंकवाली_आई: तुम्ही सोसलंत म्हणून ते बरोबर होतं का? एनएचएलवाल्यांना खेळायचा पगार मिळतो. माझा पोरगा शाळेआधी झोप मोडून जातो. नाजूक कुणाला म्हणता?

ब्लूलाइन: ताईंचं बरोबर आहे. असे कोच बोमन यांचा फक्त कडकपणा उचलतात. 1995 मध्ये त्यांनी फेटिसोव, लारिओनोव, फेडोरोव, कोझलोव, कोन्स्टांटिनोव या पाच रशियनांना एकत्र उतरवलं आणि त्यांच्या सोव्हिएत पद्धतीने खेळू दिलं. पास मागे द्या, पुन्हा जुळवा, घाई नको. उत्तर अमेरिकेत असं कोण करत होतं? कुणाला आवळायचं आणि कुणाला मोकळं सोडायचं, हे त्यांना कळायचं.

जुना_डिफेन्समन: ठीक आहे, अकरा वर्षांच्या पोराला अख्खा पिरियड बसवू नये. पण कोचशी पोराने स्वतः बोलावं.

रिंकवाली_आई: तो बोलला होता. त्यानंतरच बसवला.

गोलपोस्ट: रशियन पाचांचं श्रेय बोमन यांचंच, तेवढं देतो. बफेलोवर मात्र अजून कुणी एक अक्षर लिहिलेलं नाही.