स्टेलॅरियममध्ये शुक्राची कोर, डोळ्यांना नुसता दिवा. खरं काय?

पश्चिममुखी (कराड, १५ फेब्रुवारी २०२५)
आमच्या किराणा दुकानाचं तोंड पश्चिमेला. दिवाबत्तीच्या वेळेला समोरच्या पत्र्याच्या शेडवर शुक्र असा तळपत असतो की गिऱ्हाईकं विचारतात, "विमान हाय का ओ त्ये?" भाचीनं मोबाईलवर स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं अ‍ॅप टाकून दिलं. त्यात शुक्र मोठा करून बघितला, तर पंचमीच्या चंद्रासारखी कोर! प्रकाशित भाग २८ टक्के म्हणे. आमचे हे म्हणतात, अ‍ॅपवाल्यानं चंद्राचंच चित्र चिकटवलंय. पावच उजळलेला असता तर एवढा चमकला असता का? तारीख मागे नेली तर १० जानेवारीच्या सुमाराला ५० टक्के दाखवतंय. म्हणजे कोर घटतेय आणि तेज वाढतंय? आणि गुरू-मंगळ मात्र गोलच. ह्यांना उत्तर द्यायचंय, जरा दारूगोळा पुरवा.

गच्चीवासी
शंका रास्त आहे, पण चित्र चिकटवलेलं नाही. शुक्राची कक्षा आपल्या आतली. सध्या तो आपल्याला गाठून सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधे शिरतोय, म्हणून त्याची उजळ बाजू पलीकडे वळत चाललीय. पण तो जवळही येतोय. अ‍ॅपमध्ये अंतर बघा: १० जानेवारीला दहा कोटी किलोमीटरच्या आसपास होतं, आज साडेसहा कोटींच्या आत आहे. बिंबाचा व्यास २५ विकलांवरून (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) ३९ वर गेला, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ अडीचपट. या मोठ्या थाळीचा २८ टक्के तुकडा जुन्या थाळीच्या निम्म्याहून मोठाच भरतो. ह्यांना वहीत हिशोब मांडून दाखवा, दुकानदार माणसाला पटेल.

तेज आत्ता कळसाला आहे. यापुढे कोर इतकी बारीक होईल की जवळ येऊनही भरपाई होणार नाही. २३ मार्चला शुक्र आपल्या आणि सूर्याच्या मधे असेल. पंचांगात त्याच दिवसांत शुक्राचा अस्त सापडेल.

गुरू आणि मंगळ आपल्या बाहेरच्या कक्षेत. ते कधी मधे येतच नाहीत, मग कोर कुठून होणार? मंगळ घटला तरी एकादशी-द्वादशीच्या चंद्राएवढा. गुरू जवळजवळ पूर्णच राहतो.

दुर्बीणवेडा
नुसत्या डोळ्यांना कोर न दिसण्याचं कारण साधं: ६० विकलांहून बारीक गोष्ट आपल्या नजरेला सहसा सुटी दिसत नाही, त्यात शुक्राची झगमग. १०×५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) दुर्बीण पैदा करा आणि हातात न धरता पोत्यांच्या थप्पीवर टेकवा. अंधाराची वाट बघू नका, आकाश निळसर असतानाच कोर स्वच्छ दिसते. मात्र सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय दुर्बीण तिकडे वळवायची नाही. डोळा जाईल, गंमत नाही.

१६१० मध्ये गॅलिलिओनं दुर्बिणीतून हेच पाहिलं. पृथ्वी मधोमध मानणाऱ्या टॉलेमीच्या जुन्या मांडणीत शुक्र कायम सूर्याच्या अलीकडे असायचा, त्यामुळे त्याचं भरत आलेलं बिंब दिसायलाच नको होतं. ते दिसलं, आणि शुक्र सूर्याभोवती फिरतो हे मानावं लागलं.

पश्चिममुखी
हिशोब मांडला. "बघू" म्हणाले, म्हणजे पटलंय. पण दुकानात फोन वर धरला की अ‍ॅप शुक्राला थेट पूर्वेला, गोडाऊनच्या भिंतीत दाखवतं. मग आकडे तरी खरे कशावरून?

गच्चीवासी
लोखंडी शटरखाली उभ्या आहात ना? फोनच्या आतलं होकायंत्र लोखंडानं भरकटतं. कव्हरला चुंबकाचं बटण असेल तर विचारूच नका. रस्त्यावर जाऊन फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवा. आकड्यांचा होकायंत्राशी संबंध नाही, ते तारीख-वेळेवरून निघतात. फोनची वेळ बरोबर असली की झालं. उगवण्या-मावळण्यासाठी ठिकाण कराड आहे का तेवढं बघा.

वहीत_टिपणारी
तारीख १ मार्चवर न्या. फाल्गुन शुद्ध द्वितीया. सूर्यास्तानंतर चंद्राची कोर, तिच्या उजवीकडे थोड्या अंतरावर शुक्र. दोन्ही मोठे करून बघा, शुक्राचीही कोरच, साधारण १५ टक्के.

पश्चिममुखी
भाचीकडे ८×४२ ची आहे, पक्षी बघायची. चालेल?

दुर्बीणवेडा
चालेल, पण ती आठपटच मोठं दाखवते, म्हणून बिंब आणखी मोठं झाल्यावर, १० मार्चच्या सुमाराला, आणि टेकवूनच. तोवर शुक्र बराच खाली उतरलेला असेल, तुमची शेड आड येईल. गच्चीवर जा.