मदत हवी आहे : कर्नल ६.५ वरून ६.८ वर गेला आणि अभ्यासिकेतलं वाय-फाय बंद पडलं

नमस्कार मंडळी. नाशिकला पंचवटीत मखमलाबाद नाक्याजवळ आमची छोटी अभ्यासिका आहे. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची मुलं स्पर्धा परीक्षांची तयारी करायला येतात. फॉर्म भरण्यासाठी, जुन्या प्रश्नपत्रिका बघण्यासाठी सहा पीसी ठेवलेत, सगळ्यांवर उबंटू २२.०४ (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम). जागा भाड्याची, भिंती फोडून केबल टाकता येत नाही, म्हणून प्रत्येकाला रिअलटेक ८८२१सीयू चिपचं यूएसबी वाय-फाय डोंगल लावलंय.

सोमवारी अपडेट झाले, रीस्टार्ट केलं आणि पाचही पीसींचं नेट गेलं. (सहावा मागच्याच महिन्यात आणलाय, त्याचं वेगळं दुखणं खाली लिहितो.) यूनेम -आर (कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, आवृत्ती सांगणारी कमांड) आता ६.८ दाखवतं, आधी ६.५ होतं. मॉडप्रोबने डोंगलचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा ड्रायव्हर) लोड करायला गेलो तर ते सापडत नाही म्हणतं. ग्रबच्या (पीसी सुरू होतानाच्या मेन्यूच्या) ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना ६.५ निवडला की वाय-फाय लगेच चालू. सध्या रोज सकाळी सहाला जाऊन पाचही पीसी असेच सुरू करतोय.

हा ड्रायव्हर आमच्याकडे पूर्वी शिकायला येणाऱ्या एका मुलाने सोर्सवरून (मूळ कोडवरून) मेक, मेक इन्स्टॉल या कमांडने बांधून बसवला होता. तो आता नोकरीला बाहेरगावी असतो, पण त्याने पायऱ्या वहीत लिहून ठेवल्यात. शेवटची पायरी अशी : ईटीसीमधल्या मॉडप्रोब.डी फोल्डरात एक फाइल करून त्यात 'ब्लॅकलिस्ट आरटीडब्ल्यू८८_८८२१सीयू' ही ओळ टाकायची. ती कशासाठी, ते मला कळलेलं नाही.

मी काय करून पाहिलं : लिब/मॉड्यूल्समधल्या ६.५ च्या फोल्डरातली .केओ फाइल (बांधून तयार झालेलं मॉड्यूल) ६.८ च्या फोल्डरात टाकली, डेपमॉड (मॉड्यूलांची यादी नव्याने करणारी कमांड) चालवलं. 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' आलं. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) व्हर्जन मॅजिक जुळत नाही असं लिहिलंय. म्हणजे मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बांधलं त्यालाच चालतं, एवढं समजलं.

सहाव्या पीसीवर मोबाइलवरून यूएसबी टेदरिंगने नेट घेतलं, ६.८ चे हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) उतरवले आणि वहीतल्या सगळ्या पायऱ्या केल्या. मॉड्यूल बांधलं गेलं, पण लोड करताना 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. तिथे सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं मॉड्यूल अडवणारी सोय) चालू आहे.

एकाने सांगितलं, कर्नल होल्ड करून टाका, म्हणजे त्याचे अपडेट थांबवा. पण मुलं याच पीसींवर आधार, बँकेचे तपशील भरतात. सुरक्षेचे अपडेट अडवून ठेवायला माझं मन तयार नाही. शिवाय पुढच्या अपडेटांबरोबर ६.५ कधीतरी आपोआप काढला जाईल, मग ही सकाळची वाटही बंद. डीकेएमएस (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप बांधणारं साधन) वापरू का? की दुसरा काही मार्ग आहे?

प्रतिसाद :
दादा, डीकेएमएस केलंत तर दर नव्या कर्नलला मॉड्यूल आपोआप बांधलं जाईल, फक्त हेडर्स हवेत. सिक्युअर बूट असेल तिथे मॉड्यूलवर सही लागते आणि तिची मॉक की (त्या सहीची पीसीत नोंदवायची किल्ली) रीस्टार्टच्या वेळी निळ्या स्क्रीनवर नोंदवावी लागते. पण तुम्हाला यातलं काहीच लागणार नाही असं वाटतं. ८८२१सीयूचा यूएसबी ड्रायव्हर ६.२ पासून, म्हणजे फेब्रुवारी २०२३ पासून, कर्नलमध्येच आहे. त्याचं नाव आरटीडब्ल्यू८८_८८२१सीयू. वहीतली शेवटची ओळ त्यालाच अडवते, कारण बाहेरचा आणि आतला ड्रायव्हर एकाच डोंगलसाठी भांडू नयेत. ती ओळ काढा, अपडेट-इनिटरॅमएफएस (पीसी सुरू होताना लागणाऱ्या फाइली नव्याने बनवणारी कमांड) चालवा, ६.८ मध्ये रीस्टार्ट करा. हे मॉड्यूल उबंटूच्या सहीनिशी येतं, सहाव्या पीसीवरही सिक्युअर बूट बंद करू नका.

धागाकर्ता :
आधी एकाच पीसीवर केलं. ६.८ वर वाय-फाय आलं! मॉडइन्फोमध्ये (मॉड्यूलची माहिती दाखवणाऱ्या कमांडमध्ये) मॉड्यूलवर सही असल्याचं दिसतंय. मग बाकीचे चार केले, शेवटी सहावा, सिक्युअर बूटला हात न लावता. सहाही चालू आहेत. बाहेरच्या ड्रायव्हरची .केओ फाइल सगळीकडून काढली, पुन्हा डेपमॉड केलं आणि वहीतल्या त्या पानावर आजची तारीख टाकून नव्या पायऱ्या लिहिल्या. तुमचे मनापासून आभार. उद्या सकाळी सहाला जायचं नाही.