घरची परिस्थिती आणि शाळा: तुमच्या घरात कोण शिकलं, कोण राहिलं?

पूर्वभागकर
शेजारच्या वहिनी आज आरटीईचा (शिक्षण हक्क कायद्यातनं खासगी शाळेत मोफत प्रवेशाचा) फॉर्म भरायला आल्या, लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला वगैरे घेऊन, आणि मला अक्का आठवली. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची, घरात तेलुगू. आईच्या एकटीच्या हातनं दिवसाला हजार विड्या व्हायच्या नाहीत म्हणून सातवीनंतर अक्काला घरी बसवलं. तिच्या मजुरीतनं माझ्या वह्या. विडी कामगारांच्या पोरांना स्कॉलरशिप असते हे पण तिलाच कारखान्यात कळलं, मला मिळाली, तोवर तिची शाळा सुटली होती. तुमचं लिहा.

मंगळवेढेकरीण
आमच्यात एसटीनं ठरवलं ओ. गावात सातवीपर्यंतच शाळा, हायस्कूल लांब आणि जायला एसटीची सोय नाही. दादाला सायकल आणि मला "आता पुरे". पंढरपूरच्या आत्या भांडून घेऊन गेल्या, स्वतः चौथी शिकलेल्या. नंतर सरकारनं मुलींना सायकली दिल्या तेव्हा धाकट्या चुलत बहिणी भराभरा दहावी झाल्या. कुकर झाला, येते.

फडावरचा
आई-बाप कोयत्यावर, ऊसतोडीला. दसरा-दिवाळीला मुकादमाकडनं उचल (आगाऊ पैसे) घेतली की गाव रिकामं. माझी आजी घरी होती म्हणून मी शाळेत राहिलो, ज्यांच्या घरी म्हातारं माणूस नाही ती लेकरं बैलगाडीत. नाव पटावर गावाकडं आन् पोरगं फडात. पट बघून शिकली म्हणू नका, एवढंच सांगतो. साखरशाळा, म्हंजे ऊसतोड्यांच्या लेकरांच्या शाळा, होत्या काही कारखान्यांवर, पण आमचा तळ दर पंधरवड्याला हलायचा.

पूर्वभागकर
@फडावरचा आजीला नमस्कार सांगा दादा.

फडावरचा
गेली आता. पण माझं बीएडचं सर्टिफिकेट बघून गेली.

अक्कलकोट_रोड
घरात कन्नड, अप्पांनी कन्नड शाळेत घातलं, पाचवीपासून मराठी. दोन वर्षं वर्गात तोंड उघडलं नाही. बाकी मालदांडी ज्वारी कुठं चांगली मिळतीय सध्या?

मंगळवेढेकरीण
मंगळवेढ्यालाच या, दुसरीकडं कशाला बघता 😄

नई_जिंदगी
आरटीईचं विचारायचं होतं, आम्ही भाड्यानं राहतो, मालक करार करून देत नाहीत. चालतं का?

पूर्वभागकर
ताई, पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार द्यायचा तर तो रजिस्टर केलेलाच लागतो. वहिनींचं पण तिथंच अडलंय. शिकलेल्या घरात हे आधीच माहीत असतं, आपल्याकडं फॉर्म भरायला बसल्यावर कळतं. उद्या त्यांच्या मालकांकडं जाणार आहे, तुमच्या पण मालकांशी बोलतो, मेसेज करा.