बाबा बैलांना पाणी पाजायला रात्री दोनला उठतात. हे कुठं दाखवावं?

पराटीवाला (दारव्हा तालुका):
बाबा ७४ वर्षांचे. रात्री दोनला कोठ्यात जाऊन मला हाक मारतात, "बैलाले पाणी पाजलं का बे?" बैल विकून नऊ वर्षं झाली. परवा शेजाऱ्याच्या धुऱ्यावर बसून होते, घर कोणत्या अंगाला तेच सुचेना. हाच माणूस कापसाच्या बंडीचा हिशोब तोंडी करायचा. गाव म्हणतं साठी बुद्धी नाठी. मावशी म्हणते बाहेरचं आहे. नारळ, लिंबू सगळं झालं. दवाखान्यात बीपी-शुगर पाहिली अन् 'वय झालं' म्हणून वापस. बायकोचं निंदण बुडतं ते वेगळंच, त्यांना एकटं सोडता येत नाही.

आर्वीकर:
आधी रक्तातलं बी-१२ आणि थायरॉईड बघा. आमच्या आईचं बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनांनी बराच फरक पडला. सगळ्यांचं असं होत नाही, अल्झायमर (हळूहळू स्मृती जाण्याचा आजार) असेल तर तो बरा होत नाही. पण कळलेलं बरं. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथं दाखवा. आणि सदऱ्याच्या खिशावर आतून तुमचा फोन नंबर शिवून टाका. आजच.

तुरीचं_वावर:
कापसाले भाव नाही अन् सरकारनं आता विसरभोळ्यायचं पाहावं?

आर्वीकर:
भाऊ, देशात साठीपुढच्या अंदाजे ८८ लाख लोकांना हा स्मृतिभ्रंशाचा, म्हणजे डिमेन्शियाचा त्रास आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ मध्येच याला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हटलं, २०१७ मध्ये आराखडा केला. यांच्या घरची निंदणाची मजुरी बुडाली, ती कोणत्या भावात धरता?

आशाताई (वाशीम):
आम्ही आशा घरोघरी जाऊन आरोग्याची माहिती भरतो, त्या सीबॅक फॉर्मात साठीपुढच्यांना प्रश्न आहे: जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? खरं सांगू का, घरचे लाजेनं 'नाही' म्हणतात आणि आम्हीही उन्हाच्या आत घरं उरकायची म्हणून टिक मारून पुढं जातो. तुमच्या आशाला बोलवा, 'हो' लिहायला लावा. कागदावर नाही तर वर कोणाला दिसणार?

पराटीवाला:
ताई, काल आशा आली. बाबांनी उलट तिलाच विचारलं, "कोणाची व तू?" तिनं बापाचं नाव सांगितलं, तर त्यांनी तिच्या आज्याचं वावर कुठं होतं तेही सांगितलं. मी म्हटलं, झालं, आता ही 'नाही' लिहिते. मग तिनं घरचा पत्ता विचारला. बाबा माझ्या बायकोकडं पाहून म्हणाले, "ह्या बाईले विचार, इथं राहते ते." तिनं 'हो' लिहिलं. सोमवारी यवतमाळला नेतो.